शेषरावाच्या विहिरीतली शिंगटी

"अवो, पन तो मासा तिथं जगला म्हून आपनही तिथं जगाले जावं, हे कोन्या शहान्यानं सांगतलं तुमाले?"

"नुसता जगला नाई, चांगला फुगला हाय! बोटाएवढा सोडला होता, आता…"

"फुगलं होतं ते तुमचं बोट. मासा होता तेवढाच हाय."

नत्थुजीनं बैलांच्या नावानं एक हाक मारली, मोटेच्या नाड्यावर बूड टेकवलं आणि तो धावेच्या उतारानं खाली निघून गेला. भांडणात हीच त्याची सोय होती. उत्तर सुचलं नाही की बैल खाली जायचे. तोवर मोट वर येई, थारोळ्यात पाणी धबाधबा पडे, आणि बैल मागे सरत वर येईपर्यंत नत्थुजीला काहीतरी सुचलेलं असे. दुर्गाबाई खालच्या वाफ्यात घोट्याएवढ्या चिखलात फावडं घेऊन उभी. पाणी दांडातून तिच्यापाशी पोचेपर्यंत बोलायचं, पाणी आलं की तोंड मिटून वाफा फोडायचा. दिवाळीपासून नवराबायकोचं भांडण असं मोटेमोटेनं चाललं होतं.

"ऐकून राहिली काय?" वर येता येता नत्थुजी ओरडला. "शेषराव म्हनते, पाडव्याच्या आंधी अदलाबदल करून टाकू! हा एवढासा मळा त्याले, आन ते एवढं मोठं वावर आपल्याले! काळी माती, ढोपरभर! पराटी लावली का नुसतं पांढरंच पांढरं!"

"आन वांगी कुठं लावता? शेषरावच्या डोक्यावर?"

"वांगीबी तिथंच. इहीर हाय न."

"इहिरीचं पानी कसं हाय?"

"अवं, मासा जित्ता हाय म्हनून राहिलो न तुले!"

आले परत माशावर. दुर्गाबाईनं फावडं चिखलात असं काही आपटलं की शिंतोडे थेट तिच्या कपाळावर उडाले.

त्या साली वऱ्हाडात माणसांची डोकी फिरली होती, असं दुर्गाबाईचं ठाम मत होतं. कुठल्याशा दूरच्या मुलुखात लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि म्हणून इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग संपत नव्हती. कालपरवापर्यंत एका धोतरजोडीवर वर्ष काढणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून फिरत होते. ज्यांनी सात पिढ्या मेथी आणि मुळे काढले, त्या माळ्यांनीही वाफे मोडून कापसाची पराटी लावली. वाटेनं जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस दुर्गाबाईच्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर येऊन बसायचा आणि बाजारात जाण्याआधी तो वेचत बसणं हे तिच्या मागे एक नवं काम लागलं होतं. "लोकांच्या घरात सोनं उडून राहिलं, आन माह्या भाजीवर कचरा," ती म्हणायची.

दुर्गाबाई माहेरची अचलपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिकडे विहिरीचं पाणी इतकं गोड की पाहुण्याला गूळ दिला नाही तरी चालतं, असं ती सासरी आल्याच्या पहिल्याच दिवशी सासूला सांगून मोकळी झाली होती. सासू गोदाबाईनं ते मनावर घेतलं नाही, कारण अमरावतीच्या वेशीबाहेरच्या या मळ्यातली विहीरही गोडच होती. त्या विहिरीवर दुर्गाबाईनं वांगी, मिरच्या, दोडके, गोंडा, शेवंती असं सगळं उभं केलं. पहाटे टोपलं डोक्यावर घेऊन ती बाजारात बसली की आजूबाजूच्या माळणी आपला आवाज जपून ठेवत, कारण तिच्यापुढे तो चालायचाच नाही. गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं की ती म्हणायची, "दाबाचंच असन तं घरी जाऊन सासूचे पाय दाब, बाई. वांग्याले नोको पोचे पाडू." गिऱ्हाईक हसायचं आणि वांगी घ्यायचं. नत्थुजी मोट हाकायचा, ती विकायची. मळा दोघांचा, पण बाजारात त्याला "दुर्गाबाईचा मळा" म्हणत. हे नत्थुजीला किती टोचायचं, ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं.

आता हा मळा शेषरावाला हवा होता. शेषराव भातकुलीकडचा मोठा कास्तकार. बाजाराला लागून कापूस रचायला जागा मिळाली तर त्याला पाहिजेच होती. बदल्यात तो पूर्णा नदीच्या अंगाचं भलं मोठं वावर द्यायला तयार. त्या वावरात मागच्या उन्हाळ्यात त्यानं विहीर खोदली होती. आता पूर्णेकाठचा तो सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मधेच कुठेतरी गोड झरा लागतो, हेही खरं. शेषरावाला गोड झरा लागला होता, असं शेषरावच सांगत होता.

मग पिऊन का पाहायचं नाही? तर त्या विहिरीचं लग्न झालेलं नव्हतं. नव्या विहिरीच्या काठावर मांडव घालायचा, हळद लावायची, विधी करायचा, पहिली घागर देवाला वाहायची, आणि मगच माणसानं ते पाणी तोंडी लावायचं. त्याआधी जो पिईल त्याचं बरं होत नाही. म्हणून जुन्या लोकांनी तोड काढून ठेवली होती: विहिरीत मासा सोडायचा. जगला तर पाणी चांगलं.

नत्थुजी मोठ्या हौसेनं पूर्णेवर गेला आणि भोयाकडून चार मासे घागरीत घालून निघाला. माळ्याच्या या घरात मासळी कधी शिजली नव्हती. वांग्याच्या दहा जाती पानावरून ओळखणारा नत्थुजी, त्याला मासा म्हणजे मासा. उन्हात, गाडीच्या धक्क्यांनी, वाटेतच तीन मासे उलटे झाले. चौथा मिशा हलवत होता. त्याला बाहेर काढायला नत्थुजीनं हात घातला, तर त्यानं पाठीवरचा काटा ताठ करून बोटात असा रोवला की गडी गाडीतून खाली उडी मारून नाचला. बोट चार दिवस केळ्यासारखं. पण नत्थुजी खुश! "असा दमदार निघाला! याच्याच जिवावर पारख करतो," म्हणून तो मासा त्यानं शेषरावाच्या विहिरीत सोडला. तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी तो तिकडे चक्कर मारायचा, काठावरून ज्वारीच्या लाह्या टाकायचा आणि घरी येऊन उंबरठ्यातूनच सांगायचा, "जित्ता हाय!"

गोदाबाई तर नातवाची चौकशी करावी तशी विचारायची, "खाते काय रे पोटभर?"

"माय, लाह्या अशा गपागपा!"

"बाप्पा! जीवच हाय तो. थंडी पडून राहिली, सांभाळजो."

चुलीपुढे भाकर थापणारी दुर्गाबाई परातीतल्या पिठाकडे पाहून म्हणायची, "एक गोधडी शिवून देतो मी त्याले. येतानी माप घेऊन या."

*

बाजारात तिच्या टोपल्यापाशी रोज एक बाई यायची. सत्यवती तिचं नाव. मुंबईहून कापूस घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याच्या बिऱ्हाडी ती स्वयंपाक करायची. अलिबागकडची, खाडीकाठी वाढलेली. भाजी घेताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी औषध देतंय.

"परत वांगीच? अगो बाय, तुमच्या मुलखात दुसरं काय खातात की नाय?"

"मासे खातात," दुर्गाबाई वैतागून म्हणाली. "माह्या घरी तं पोसतात."

आणि मग तिच्यानं राहवेना. टोपल्यावरचा कापूस वेचत वेचत तिनं मासा, विहीर, लग्न, लाह्या, सगळं त्या परमुलखातल्या बाईपुढे ओतलं. सत्यवती टोपल्याशेजारी मांडीच घालून बसली.

"मासा दिसतो कसा?"

"मी कुठं पाह्यला? हे सांगतात, खवले नाईत, आंग बुळबुळीत. मिशा हायेत."

"काटे?"

"एक पाठीवर, दोन दोन्हीकडून. हातात धरला तं कुर्रकुर्र करते म्हनतात."

सत्यवतीनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. शेजारची माळीणही वळून पाहायला लागली.

"अगो, ती शिंगटी! माझ्या बापाच्या जाळ्यात रोज यायची मेली, जाळं फाडायची. आमच्या खाडीत भरती आली की समुद्राचं खारं पाणी आत, ओहोटी लागली की नदीचं गोडं. बाकीचे मासे पाण्यामागनं पळतात. ही कुठं पळते? तिवराच्या मुळांत, चिखलात, ढोपराएवढ्या डबक्यात बसून राहते मिशा हलवत. बगळा गिळायला बघतो, तर काटे ताठ करून गळ्यात अडकते. खारं असूदे, गोडं असूदे, गढूळ असूदे, तिला काय नाय त्याचं."

दुर्गाबाईच्या हातातला कापूस हातातच राहिला. "खाऱ्यातबी जगते?"

"तुमच्या नदीतली हिची बहीण असंल, नायतर मावशी. पण या जातीला खाऱ्याचं भय नाय, हे मी सांगते. शिंगटी मेली असती तर पाणी वाईट म्हणता आलं असतं. जगली म्हणून पाणी चांगलं? काय पण पारख! अगो, कुणाशीबी जमवून घेणारी म्हातारी टिकली म्हणून कुणी लेक देतं का त्या घरात?"

असली तुलना दुर्गाबाईनं जन्मात ऐकली नव्हती, पण पटली. सत्यवतीच्या पदरात तिनं मूठभर मिरच्या जास्त टाकल्या आणि टोपलं निम्मं भरलेलं असतानाच उचललं. हे तिच्या हातून याआधी कधी झालं नव्हतं.

*

घरी आली तर अंगणात बाजेवर खुद्द शेषराव. डोक्याला जरीचा फेटा, कानात नवी भिकबाळी, आवाज लोण्यात तळलेला.

"या या वहिनी! तुमचीच गोठ चालू होती. तुमच्यासारखी लक्षुमी घरात हाय म्हून नत्थुजीचं चालून राहिलं."

"चालून राहिलं म्हून तं थांबवून राहिले तुमी," टोपलं उतरवत दुर्गाबाई म्हणाली. "भाऊजी, एक इचारू? त्या मास्यावर माहा भरवसा नाई. तो खाऱ्यातबी जगते."

"कोन सांगते?" नत्थुजी उसळला.

"समुद्राकडची बाई हाय एक."

"समुद्राकडची! तिले आमच्या पूर्णेचं काय समजते?"

"तुमाले समजते? तुमाले तं मास्याचं नावबी माहीत नव्हतं. शिंगटी म्हनतात त्याले."

शेषराव मनापासून हसला. "वहिनी, नाव काही असो. तुमाले शंका हाय न? बरोबर हाय. पान्याची शंका ठेवू नाई."

"मंग इहिरीचं लगन लावून टाका. आमी येतो, पेतो, आन मंग ठरवतो."

"हा, आता पाहा," शेषराव मांडी बदलून म्हणाला, "लगन लावाचं तं मालकानं. पुन्य त्याचं. वावर तुमच्याकडे येऊन राहिलं, तं तुमचं पुन्य मी कायले घेऊ? अदलाबदल होऊ द्या, मंग तुमीच जोड्यानं बसा लगनाले."

"म्हंजे घेतल्याबिगर पेता येत नाई?"

"रीतच हाय बाप्पा."

"आन पेल्याबिगर समजत नाई."

"मासा हाय न त्यासाठी!" नत्थुजी मध्ये पडला.

दुर्गाबाईनं डोळे मिटले आणि उघडले. मघाशी डोक्यावर टोपलं होतं तेव्हा डोकं हलकं वाटत होतं.

"भाऊजी, तुमच्या त्या वावरात कापूस येचाले बाया जातात न? त्या प्याचं पानी कुठून आनतात?"

"घरून. डोक्यावर."

"इहीर हाय न तिथं?"

"लगन नाई झालं न वहिनी," शेषराव शांतपणे म्हणाला.

आतून गोदाबाईचा आवाज आला, "अरे, थो मासा थंडीनं गारठला नाई न?"

नत्थुजीनं संधी साधली. "असं करू. उद्या गाडी जुपतो. तूच चाल. आपल्या डोयानं पाह्य, मंग बोल."

"हेच मी दिवाळीपासून म्हनून राहिली," दुर्गाबाई म्हणाली. तिनं हे आजवर एकदाही म्हटलं नव्हतं, पण नत्थुजीला ते आठवण्याइतकं धैर्य नव्हतं.

"मी परवा येतो, नारळ-सुपारी घेऊन," शेषराव उठता उठता म्हणाला.

*

वावर खरंच मोठं होतं. इतकं की दुर्गाबाईला पलीकडची कड दिसेना. बोंडं फुटून पांढरी झालेली, वेचणाऱ्या बायांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या, आणि धुऱ्याच्या बांधावर त्यांच्या पाण्याच्या घागरी ओळीनं मांडून ठेवलेल्या. नत्थुजी तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिनं तोंड फिरवून विहिरीची वाट धरली.

विहीर घडीव दगडांची, पायऱ्या नव्याकोऱ्या. नत्थुजीनं वरूनच कनवटीच्या लाह्या काढून टाकल्या. हिरव्या पाण्यात सावली हलली. आधी मिशा आल्या, चाचपडत, आंधळ्याच्या काठीसारख्या. मग चपटं डोकं, राखी अंग, पाठीवर तो काटा, मिटून ठेवलेला. पोटाशी दोन्हीकडचे काटे पंख्यासारखे उघडले, मिटले. एक लाही गिळून तो खाली गेला आणि परत वर आला.

"पाह्य!" नत्थुजीचा आवाज पोराच्या बारशाला असावा तसा झाला होता. "म्हनलं होतं का नाई?"

त्याची चूक नव्हती, मासा गोडच होता. दुर्गाबाईलाही त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचा राग आला. पदर खोचून ती पायऱ्या उतरू लागली.

"अवं, पानी पेशील नोको! लगन…"

"नाई पेत."

पाऊसकाळात विहीर तुडुंब भरली असणार. आता पाणी बरंच खाली गेलं होतं. जिथवर ते पूर्वी होतं, तिथपासून खालच्या सगळ्या दगडांवर पांढरा पट्टा. आधी तिला वाटलं, कापूस उडून चिकटलाय. त्या साली सगळीकडे कापूसच दिसायचा. तिनं नखानं खरवडलं. चुन्यासारखं नखात आलं.

पाणी प्यायचं नाही, अशी रीत होती. दगड चाटायचा नाही असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तिनं बोट जिभेला लावलं, आणि तिचं तोंड असं काही वाकडं झालं की वर उभ्या नत्थुजीनं न विचारताच मान खाली घातली. ते तिनं पाहिलं.

ती एकेक पायरी चढून वर आली. त्याच्या अगदी समोर उभी राहिली.

"हा पांढरा पट्टा तुमाले दिसला नव्हता?"

नत्थुजी लाह्यांचा चुरा हातावर चोळत राहिला.

"दिसला होता."

"कवा?"

"मांगच्या खेपेले. त्याच्या आंधीबी."

"मंग?"

"मासा जित्ता होता न," तो हळूच म्हणाला.

इथे धाव नव्हती, बैल नव्हते, खाली निघून जायला उतार नव्हता. दुर्गाबाईनं एवढा वेळ साठवलेलं सगळं ओठांवर आलं, आणि त्यातून एकच वाक्य बाहेर पडलं.

"आन मासा मेला असता तं?"

"तं दुसरा सोडला असता."

एवढं खरं उत्तर आलं की तिला हसावं का विहिरीत ढकलावं ते कळेना.

"अवं, सारे पराटी लावून राहिले," तो बोलायला लागला, आणि लागल्यावर थांबेना. "माह्या वयाचा एक गडी सांग, जो मुळ्याच्या जुड्या बांधून राहिला. चांदीच्या शेंब्यावाले रस्त्यानं जातात आन माह्याकडे पाहून म्हनतात, तो पाह्य, दुर्गाबाईच्या मोटेवरचा गडी. मी म्हनलं, एक डाव आपलंही पांढरं होऊ दे. पानी गोड निंघालं तं तुहं, खारं निंघालं तं माहं."

"खारं निंघालं तं पेनार कोन? तुमी? घागर कोनाच्या डोक्यावर येईन? त्या पाहा तिथं मांडल्या हायेत." तिनं धुऱ्याकडे बोट केलं. "साऱ्याईनं मेथी मोडली म्हून आज माह्या टोपल्यापाशी बाया भांडतात, ते दिसत नाई तुमाले? उद्या हा कापूस कोनी घेतला नाई तं हे लोक काय शेंब्या चावतीन?"

नत्थुजीनं गाडी जुंपली. अख्ख्या वाटेत त्यानं बैलांनाही हाक मारली नाही. ते आपल्या मनानं चालले. दुर्गाबाई मागे पाय सोडून बसली आणि स्वतःशीच पुटपुटत राहिली, कारण भांडायला समोर कुणी असून नसल्यासारखं, याहून वैताग दुसरा नाही.

*

शेषराव कबूल केल्याप्रमाणे आला. ताटात नारळ, सुपारी, वर हळदीकुंकू. गोदाबाईनं घोंगडी अंथरली. नत्थुजी नुकताच मळ्यातून पाणी देऊन आला होता, पाय ओलेच होते. तो घोंगडीच्या कडेला टेकला. दुर्गाबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. घरात असं ताट आलं असता तिनं मधे बोलायचं नव्हतं, एवढी रीत तिलाही ठाऊक होती. आणि ती पाळताना तिच्या जबड्याची हाडं दुखत होती.

"पाहून आल्या न वहिनी? झालं समाधान?" शेषरावानं ताट पुढे सरकवलं. "उचला नत्थुजी सुपारी. गोठ पक्की."

नत्थुजीनं सुपारीकडे पाहिलं. मग शेषरावाच्या भिकबाळीकडे. मग उगाच आपल्या बोटाकडे.

"उचल ना रे," गोदाबाई म्हणाली. "पाहुना खोळंबून राहिला."

"घाई नाई काही," शेषराव हसून म्हणाला, पण ताट आणखी बोटभर पुढे आलं. "फक्त हो म्हना. का वहिनीनं मना केलं?"

नत्थुजी उठला. तो ताटाला वळसा घालून खुंटीपाशी गेला, मोटेचा तुटलेला नाडा सांधायला काढून ठेवला होता तो खांद्यावर टाकला, आणि पागोटं न बांधताच अंगणात उतरला.

शेषराव ताट धरून तसाच. गोदाबाईचं तोंड उघडं. आणि दोघंही आता दुर्गाबाईकडे पाहायला लागले, जसं काही उत्तर तिच्याच पदराला बांधून ठेवलंय. म्हणजे नाही म्हणायचं तेही हिनंच! दिवाळीपासून घसा कोरडा केला तो हिनं, दगड चाटला तो हिनं, आणि आता पाहुण्याच्या तोंडावर वाईट व्हायचं तेही हिनंच. ती रीत, पदर, पाहुणा सगळं विसरून अंगणात धावली.

"अवो! अवो, जाऊन कुठं राहिले? पाहुन्याले हो का नाई, काही सांगून तं जा!"

नत्थुजी फाटकाची कडी काढून बाहेर पडला आणि चालता चालताच मोटेचा नाडा सांधत मळ्याच्या वाटेला लागला.